कोकरं नोव्हेंबरातच आणली

आमच्या कळपाची कोकरं यायची फेब्रुवारी-मार्चात. रानात चारा नाही, मेंढीला दूध नाही. म्हणून फळवण, म्हणजे मेंढ्यांना नर दाखवणं, अलीकडे मिरगाच्या सुमारास (जूनच्या सुरुवातीला) ओढली. गाभणकाळ साधारण 150 दिवस. म्हणजे पिल्लू पडतं तेव्हा सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरात असतं.

मेंढ्या नीट गाभण राहाव्यात म्हणून नर सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून मेंढीमागे रोज 200-250 ग्रॅम भरडलेली ज्वारी दिली, तीही हळूहळू वाढवत. एकदम टाकली की पोट बिघडते. फायदा रोडावलेल्या मेंढ्यांनाच. अंगानं भरलेलीला दाणा म्हणजे पैसे वाया. 25-30 मेंढ्यांमागे एक नर. उकाड्यात तो ढिला पडतो, म्हणून दिवसा सावलीत बांधून रात्री सोडला.

शेवटचा दीड महिना तुरीचं कुटार नि थोडी सरकी ढेप. पोटातलं पिल्लू तेव्हाच झपाट्यानं वाढते. ढेप म्हशीला घालायची, मेंढीला नाही, असं आमचे बाबा अजून म्हणतात.