वॉटरकलरमध्ये बर्फ: कागद कुठे कोरा सोडायचा

बर्फाचं चित्र करायला बसलं की आधी हात जातो पांढऱ्या ट्यूबकडे, माझाही जायचा, आणि मग सगळं चित्र मळक्या खडूसारखं दिसायचं. ती ट्यूब सध्या लांब ठेवा. बर्फ म्हणजे तुमचा कोरा कागदच, त्यामुळे पेन्सिलने हलकं स्केच करतानाच ठरवून टाका की कुठे ब्रश अजिबात लावायचा नाही. कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि कोल्ड प्रेस्ड, म्हणजे किंचित खरखरीत, घ्या, पातळ कागद पाण्याने फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

आधी आकाश. तेवढा भाग नुसत्या पाण्याने ओला करा आणि त्यात अल्ट्रामरीन (गडद निळा) नि थोडा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळून झालेला करडा सोडा. घाबरून फिकट ठेवू नका, वाळल्यावर तो अजून फिकट होतोच, आणि आकाश बर्फापेक्षा गडद नसेल तर बर्फ पांढरा दिसणार कसा? पडता बर्फ हवा असेल तर वॉशची, म्हणजे पसरलेल्या पातळ रंगाची, ओली चकाकी जायला लागली की मीठ भुरभुरवा. लवकर टाकलं तर विरघळून जातं, उशीर झाला तर काहीच होत नाही, हा अंदाज दोन-चार कागद वाया घालवूनच येतो.

खरी मजा सावल्यांमध्ये आहे. ऊन अडलं तरी निळ्या आकाशाचा उजेड तिथे पडतोच, म्हणून बर्फावरची सावली निळसर दिसते, काळा रंग नको, पातळ कोबाल्ट ब्लू घ्या. झाडाची सावली पट्टीने आखल्यासारखी सरळ काढली की बर्फाची फरशी होते! उंचवटा आला की सावली त्यावरून चढली पाहिजे, खळग्यात उतरली पाहिजे. मग तिची एक कड स्वच्छ ओल्या ब्रशने विरघळवा, दुसरी तशीच कडक राहू दे, ढिगाला लगेच गोलाई येते. अर्धवट वाळलेल्या वॉशमध्ये मात्र परत ब्रश घालायचा नाही, डाग उठतात.

खोडं ड्राय ब्रशने, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशवर थोडाच रंग घेऊन. फांद्यांवरच्या बर्फासाठी सुरुवातीलाच मास्किंग फ्लुइड (कागदाला रंग लागू न देणारं, नंतर सोलून काढता येणारं द्रावण) लावून ठेवा, पण जुन्या ब्रशने, तोही आधी साबणात बुडवून, माझा एक चांगला ब्रश यातच गेला. कागद पूर्ण वाळल्यावरच ते काढा, नाहीतर कागदाचे पापुद्रे निघतात.

सगळ्यात शेवटी पांढरं गुआश (दाट, अपारदर्शक वॉटरकलर) टूथब्रशवर घेऊन अंगठ्याने थोडं उडवा. मोह होतो, पण पाच-सहा शिंतोडे झाले की ब्रश खाली ठेवा.