दवाखान्यासाठी इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद प्रणाली कशी निवडावी

नऊ वर्षे वापरलेले सॉफ्टवेअर बंद करण्याची वेळ आमच्या बारा खाटांच्या रुग्णालयावर आली, तेव्हा पुरवठादाराने सर्व नोंदी परत केल्या. परंतु त्या हजारो पीडीएफ फायलींच्या रूपात होत्या आणि प्रत्येक फायलीला रुग्णाच्या नावाऐवजी केवळ एक अनुक्रमांक होता. एखाद्या मधुमेही रुग्णाची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर, पाच वर्षांत कशी बदलत गेली हे पाहायचे, तर एकेक फाईल उघडून आकडे कागदावर उतरवून घ्यावे लागत. कोणाला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, याची यादी तर काढताच येत नव्हती. नोंदी आमच्या हाती होत्या, पण उपचाराच्या कामी त्यांचा उपयोग उरला नव्हता. त्या अनुभवानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, कोणतीही प्रणाली पाहायला घेताना सर्वांत आधी तिच्यातून बाहेर पडण्याचा मार्ग तपासावा, आणि बाकीच्या सोयींचा विचार त्यानंतर करावा.

पुरवठादाराला बोलावण्यापूर्वी मात्र आठवडाभर स्वतःच्याच ओपीडीचे बारकाईने निरीक्षण करणे आवश्यक आहे. नंबर कोण लावतो, जुना केसपेपर शोधायला किती वेळ लागतो, वजन आणि रक्तदाब कोण घेते व ते कोठे लिहिले जाते, तपासणीच्या खोलीत डॉक्टर किती वेळा मान वर करून रुग्णाकडे पाहतात, हे सारे लिहून काढावे. सकाळच्या वेळेत साठ रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना नव्या प्रणालीमुळे प्रत्येकी तीनच मिनिटे जास्त लागली, तरी दिवसाचे तीन तास वाढतात. मग पंधरवड्यात टंकलेखन सुटते आणि पुन्हा कागद सुरू होतो. अनेक दवाखान्यांतील सॉफ्टवेअर शेवटी फक्त बिले छापण्यापुरते उरते, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

प्रात्यक्षिक पुरवठादाराच्या सजवलेल्या नमुन्यावर पाहू नये. आपल्याच दवाखान्यातील पाच-सहा जुने केसपेपर नावे झाकून काढावेत आणि ते नव्या प्रणालीत आपण स्वतः, तसेच आपल्या स्वागतकक्षातील कर्मचाऱ्यांनी, पुरवठादाराचा हात न लागता भरून पाहावेत. त्यांत एक तापाचे मूल असावे, म्हणजे वजनानुसार मात्रा काढता येते का ते कळेल. आठ औषधे चालू असलेला एक वृद्ध मधुमेही असावा. सातव्या महिन्यातील एक गर्भवती असावी, म्हणजे शेवटच्या पाळीच्या तारखेवरून प्रसूतीची तारीख निघते का आणि आधीच्या भेटींतील रक्तदाब व हिमोग्लोबिन एका नजरेत दिसते का हे पाहता येईल. आणि क्षयरोगाचा एक रुग्ण असावा, कारण त्याची नोंद निक्षय या सरकारी क्षयरोग पोर्टलवर करणे खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. सर्वांत महत्त्वाची कसोटी ॲलर्जीची आहे. एका काल्पनिक रुग्णाच्या नावापुढे पेनिसिलिनची ॲलर्जी नोंदवावी आणि मग त्याला अमोक्सिसिलिन (हे पेनिसिलिनच्याच गटातले) व क्लॅव्हुलॅनिक ॲसिड असलेले एखादे औषध त्याच्या ब्रँडच्या नावाने लिहून पाहावे. प्रणालीने तेथेच थांबवले नाही, तर तिच्यातील औषधांची यादी ही केवळ नावांची यादी आहे, त्या नावांमागील घटक तिला ठाऊक नाहीत, असे समजावे आणि पुढच्या पुरवठादाराकडे वळावे.

नावांचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, परंतु आपल्याकडे चुकीच्या रुग्णाची फाईल उघडण्याचा धोका तेथूनच निर्माण होतो. एकाच गावातून शकुंतला पाटील नावाच्या चार स्त्रिया येतात, घरातील सहा जणांचा मोबाईल क्रमांक एकच असतो, जन्मतारीख निम्म्या वृद्धांना सांगता येत नाही, आणि लग्नापूर्वी माहेरच्या आडनावाने आलेली मुलगी पुढे सासरच्या आडनावाने येते. त्यामुळे एका क्रमांकाखाली अनेक रुग्ण ठेवता येणे, अंदाजे वय नोंदवता येणे, पूर्वीचे नाव जपता येणे आणि चुकून दोनदा झालेली नोंद नंतर एकत्र करता येणे, या चार गोष्टी प्रत्यक्ष करून पाहाव्यात. औषध घेण्याच्या सूचना मराठीत छापता येणे हे तर मी अनिवार्य मानतो; ‘१-०-१’ एवढ्यावरून सर्वांना अर्थ कळतो असे नाही, पण ‘सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर’ हे घरातले कोणीही वाचून दाखवू शकते. हा मजकूर युनिकोडमध्येच साठवला जातो का, हे विचारून घ्यावे, कारण युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले मराठी दुसऱ्या संगणकावर गेले की त्याची निरर्थक चिन्हे होतात.

आता नोंदींच्या आतल्या रचनेविषयी. एकच आजार एक डॉक्टर ‘मधुमेह’ लिहितात, दुसरे ‘डीएम’ लिहितात, तिसरे ‘शुगर’ लिहितात. माणसाला हे तिन्ही एकच वाटतात, संगणकाला नाही. निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातील ई११ असा संकेतांक जोडलेला असेल, तर प्रकार दोनच्या मधुमेहाचे सर्व रुग्ण एका क्षणात निघतात आणि उद्या दुसऱ्या प्रणालीतही ते तसेच ओळखता येतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती काढली. वैद्यकीय संज्ञांसाठी स्नोमेड सीटी, प्रयोगशाळेच्या तपासण्यांसाठी लॉइंक आणि क्ष-किरण, सोनोग्राफी यांच्या प्रतिमांसाठी डायकॉम ही मानके त्यांत आहेत. स्नोमेड सीटी महाग असल्याचे कारण कोणी पुढे केल्यास ते मान्य करू नये; भारत ते मानक सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य असल्यामुळे देशात वापरासाठी त्याचे शुल्क पडत नाही आणि त्याचे वितरण पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेतील राष्ट्रीय संसाधन केंद्रामार्फत होते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनशी जोडणी असणे हा यापुढचा भाग. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या या योजनेत रुग्णाला चौदा अंकी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा क्रमांक, मिळतो आणि दवाखाना व डॉक्टर यांची स्वतंत्र नोंदणी होते. नोंदी एखाद्या मध्यवर्ती कोठारात जात नाहीत. त्या जेथे तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाने संमती दिल्यावर दुसऱ्या डॉक्टरांना दिसतात. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत लक्षात घेतली, तर याचे महत्त्व कळते: सात महिन्यांपर्यंतच्या तपासण्या सासरच्या गावी, प्रसूती माहेरच्या गावी, आणि मधल्या प्रवासात सोनोग्राफीचे अहवाल एखाद्या पिशवीत. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांवर येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांतील मुलांच्या लसीकरणाचेही असेच होते. ‘आमचे सॉफ्टवेअर आभाशी जोडलेले आहे’ या वाक्यावर मात्र थांबू नये, कारण जोडणीचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात आभा क्रमांक तयार करणे व पडताळणे एवढेच होते, दुसऱ्यात आपल्या दवाखान्यातील नोंदी रुग्णाच्या संमतीने इतरांना देता येतात, आणि तिसऱ्यात इतरांकडील नोंदी आपल्याला पाहता येतात. तिन्ही टप्पे पूर्ण झाले आहेत का, हे विचारावे आणि स्वतःचा आभा क्रमांक देऊन समोर करून दाखवायला सांगावे. आभा घेणे रुग्णासाठी ऐच्छिक आहे, तेव्हा तो क्रमांक नसलेल्या रुग्णाची नोंद अडवणारी प्रणालीही चालणार नाही.

कायद्याच्या बाजूने पाहता, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात आणि रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. तीन वर्षे ही किमान मर्यादा आहे. लहान मुलांच्या आणि पोलीस प्रकरणांच्या नोंदी त्याहून बऱ्याच जास्त काळ ठेवाव्यात, असे मी सुचवेन. सोनोग्राफी केंद्र असल्यास नोंदी संगणकावर असल्या तरी त्यांची छापील प्रत काढून, जबाबदार व्यक्तीने प्रमाणित करून ठेवणे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे ‘आता कागद लागणारच नाही’ हे आश्वासन तेथे लागू पडत नाही.

नोंदीत कोणी, केव्हा, काय बदलले याचा पुसता न येणारा माग प्रणालीत राहिला पाहिजे. ग्राहक आयोगापुढे प्रकरण गेल्यास, मूळ नोंद आणि नंतरची दुरुस्ती वेगवेगळी दाखवता येणे हे डॉक्टरांच्याच हिताचे असते. यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते आणि पासवर्ड स्वतंत्र असावा लागतो. सगळा दवाखाना डॉक्टरांच्या एकाच खात्यावरून चालत असेल, तर त्या मागाला काही अर्थ उरत नाही. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात, माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि काम पुरवठादाराकडे सोपवले तरी रुग्णाप्रती जबाबदारी दवाखान्याचीच राहते. म्हणून मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत, त्या कंपनीचे उत्पन्न कोठून येते, हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा, आणि रुग्णांची किंवा औषधयोजनेची माहिती, नावे काढूनसुद्धा, कोणालाही दिली जाणार नाही हे करारात लिहून घ्यावे.

सर्व्हर आपल्या इमारतीत ठेवावा की क्लाउडवर, याचे एकच उत्तर सर्वांना लागू होत नाही. तालुक्याच्या गावी, जेथे वीज दिवसातून दोनदा जाते आणि इंटरनेटचा भरवसा नसतो, तेथे जोडणी तुटली तरी ओपीडी चालू राहील आणि जोडणी परत आल्यावर नोंदी आपोआप वर जातील, अशी व्यवस्था हवी. ती आहे का, हे पाहण्यासाठी प्रात्यक्षिकाच्या मध्यातच राउटर बंद करावा. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर सायबर हल्ल्यात निकामी झाले, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य संस्थेला कित्येक दिवस नोंदणी व इतर कामे हाताने करावी लागली. लहान रुग्णालयाने आपल्याकडे कोण लक्ष देणार, अशा समजुतीत राहू नये. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम आजही पुरेसा आहे, मात्र त्या प्रतीवरून सर्व माहिती खरोखर परत उभी राहते का, हे वर्षातून दोनदा तपासले पाहिजे.

किमतीची तुलना पाच वर्षांच्या एकूण खर्चावर करावी. वार्षिक देखभाल, प्रत्येक वाढीव वापरकर्त्याचे शुल्क, एसएमएस, जुनी माहिती आणण्याचा खर्च आणि प्रशिक्षण हे सर्व त्यात धरावे. सॉफ्टवेअरवरील १८ टक्के जीएसटीही धरावा, कारण आरोग्यसेवा करमुक्त असल्यामुळे दवाखान्याला त्या कराची वजावट सहसा मिळत नाही. ओपनएमआरएस या मुक्त स्रोत नोंद प्रणालीवर उभारलेल्या बाह्मनीसारख्या, म्हणजे कोणालाही विनापरवाना शुल्क वापरता व बदलता येणाऱ्या, प्रणालींचाही विचार धर्मादाय रुग्णालयांनी करावा. छत्तीसगडमधील गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात तिची सुरुवात झाली, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयाच्या गरजा तिच्या रचनेतच आहेत. परवान्याचा खर्च तेथे नसला, तरी ती सांभाळणारा जाणकार माणूस मात्र लागतो.

करारात एक कलम स्वतंत्रपणे लिहून घ्यावे: करार कोणत्याही कारणाने संपला, पुरवठादाराची कंपनी बंद पडली किंवा विकली गेली, तरी सर्व नोंदी रुग्णनिहाय, तारीखनिहाय, संकेतांकांसह, सर्वसाधारण तक्त्यांच्या रूपात किंवा एफएचआयआर या आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीच्या मानक स्वरूपात, वेगळे शुल्क न आकारता, ठरावीक दिवसांत मिळतील. हे लिहून देण्यास जो तयार नाही, त्याची बाकीची प्रणाली कितीही देखणी असली तरी ती घेऊ नये.

सुरुवात पावसाळ्यात, डेंग्यू आणि तापाच्या गर्दीत करू नये. आधी ओपीडी, ती स्थिरावल्यावर प्रयोगशाळा, आणि शेवटी आंतररुग्ण विभाग, हा क्रम आम्हाला सोयीचा ठरला. कपाटातील सर्व जुने कागद भरत बसण्याची गरज नाही. रुग्ण पुढच्या वेळी येईल तेव्हा त्याची ॲलर्जी, जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया आणि चालू औषधे एवढेच नव्या नोंदीत घ्यावे आणि त्या केसपेपरवर तशी खूण करावी.

किमतीचा शेवटचा हप्ता पहिला महिना संपेपर्यंत राखून ठेवावा. त्या दिवशी महिन्याभराच्या सर्व नोंदी पुरवठादाराकडून मागवाव्यात आणि त्याचे सॉफ्टवेअर नसलेल्या, घरच्या एखाद्या संगणकावर उघडाव्यात. रुग्णांची संख्या रजिस्टरशी जुळते का, मराठी अक्षरे नीट दिसतात का, ॲलर्जी स्वतंत्र रकान्यात आली आहे का, आणि कोणत्याही तीन रुग्णांची प्रत्येक भेट क्रमाने सापडते का, हे तपासून मगच धनादेशावर सही करावी.