बंद झालेली सेडान बडोद्यात जुनी घेताना

फोर्डने एप्रिल २०१८ मध्ये उत्तर अमेरिकेत फ्यूजन, टॉरस यांसारख्या सेडान टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, कारण तेथील ग्राहक एसयूव्ही आणि पिकअपकडे वळले होते. भारतातील उत्पादन थांबवण्याची घोषणा सप्टेंबर २०२१ मधली. त्यामुळे फोर्डच्या साणंदच्या कारखान्यात तयार झालेली अ‍ॅस्पायर ही लहान सेडान आता केवळ जुन्या बाजारातच मिळते.

अशी गाडी पाहायला दुपारी नव्हे, तर सकाळी इंजिन थंड असताना जावे. बडोद्यात पहिली शंका पुराची घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले होते, आणि बाहेरून चकचकीत केलेली गाडी आतून बुडालेली असू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या मुळाशी गाळाची करडी रेघ दिसते का ते पाहावे, डिकीतील स्टेपनी उचलून खालचा गंज तपासावा आणि गालिच्याखाली बोट फिरवून ते नाकाशी न्यावे. सुगंधी फवारा जरा जास्तच मारलेला असेल, तर मी तरी तिथूनच परततो.

डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) कधी बदलला, याचे बिल मागावे. ‘बदललाय हो’ हे उत्तर बिल नव्हे. सौदा ठरण्यापूर्वीच दांडिया बाजारातल्या आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून बंपर, दिवे आणि सस्पेन्शनचे भाग किती दिवसांत मिळतील हे विचारून घ्यावे. आरसी बुकावर कर्जाची नोंद असल्यास बँकेची एनओसी हाती आल्याशिवाय बयाणा देऊ नये.