छाती आधी स्वतःच्या अंगावर शोधा

सोलापूरच्या वैशंपायन मेडिकलला नव्याने आलेली मुलं थोरॅक्सला, म्हणजे छातीच्या धड्याला, फारशी घाबरत नाहीत. हातापायांच्या नसांनी डोकं पिकलेलं असतं, त्यापुढे बरगड्यांच्या १२ जोड्या म्हणजे सुट्टीच वाटते. मग प्ल्यूराच्या (फुप्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणाच्या) रेषा येतात आणि ६-८-१०, ८-१०-१२ असा पाढा सुरू होतो. पाठ केलेला पाढा व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास दगा देतो, म्हणून सांगतो: पुस्तक नंतर, आधी आरसा.

गळ्याखालच्या खळगीतून बोट सरळ खाली न्या. साधारण ५ सेंटीमीटरवर हाडाला आडवा उंचवटा लागेल, तो स्टर्नल अँगल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. पहिली कॉलरबोनमागे दडलेली असते, त्यामुळे मोजणी नेहमी इथून करायची. श्वासनलिकेचे दोन फाटेही याच पातळीला. उजवा फाटा आखूड, रुंद आणि जास्त सरळ, म्हणून लहान मुलाने खाताखाता शेंगदाणा ओढला तर तो बहुतेक उजवीकडे जातो. शेंगाचटणीच्या गावात हे वेगळं पाठ करायला नको.

आता प्ल्यूरा. अर्धवट फुगवलेल्या पिशवीत बाहेरून मूठ खुपसा. मुठीला लागलेला पदर व्हिसरल, बाहेरचा पॅरायटल. मनगटापाशी दोन्ही एक होतात ते हायलम. मूठ पिशवीच्या पोकळीत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा धडा झाला. मधल्या फटीत निरोगी माणसाला जेमतेम काही मिलिलिटर द्रव असतो आणि तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी. त्या ओढीवरच फुप्फुस फुगलेलं राहतं. फटीत हवा शिरली की ते आक्रसतं, तो न्यूमोथोरॅक्स.

पाढा मात्र अंगावरच काढा. कॉलरबोनच्या मध्यातून, काखेच्या मध्यातून आणि पाठीत मणक्यालगत, अशा तीन उभ्या रेषा. शांत श्वासात फुप्फुसाची खालची कड त्यांवर ६, ८, १० व्या बरगडीला. प्ल्यूरा प्रत्येक ठिकाणी दोन बरगड्या खाली. रूममेटच्या पाठीवर स्केचपेन चालतो (सोलापूरच्या मे महिन्यात होस्टेलवर बनियनही नकोसं होतं, त्याचा एवढा तरी उपयोग). मुलींनी टी-शर्टवरून खडू वापरावा. दोन रेषांमधली रिकामी जागा म्हणजे कॉस्टोडायफ्रॅगमॅटिक रिसेस. फटीत पाणी झालं तर माणूस बसलेला असताना ते आधी इथे साचतं. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत हा कोपरा बोथट दिसायला साधारण २०० मिली लागतं.

पुढे सिव्हिलच्या वॉर्डात टीबीमुळे छातीत पाणी झालेले पेशंट दिसतील. नातेवाईक ‘फुप्फुसात पाणी झालंय’ म्हणतात. ते फुप्फुसाबाहेर, त्या फटीत असतं. सुरुवातीला पेशंट एक बाजू हाताने दाबून उथळ श्वास घेतो. ‘दम भरला की टोचतंय ओ.’ टोचतो तो पॅरायटल पदर, कारण त्याला बरगड्यांमधल्या नसा आहेत. व्हिसरलला असं दुखणं कळत नाही. पाणी वाढलं की घासणारे पदर लांब होतात, टोचणं कमी होतं आणि दम मात्र वाढतो. दुखणं थांबलं म्हणून पेशंट खूश असतो, तेव्हा तुम्ही खूश होऊ नका. डायफ्रॅमच्या (छाती आणि पोट यांमधल्या स्नायूच्या पडद्याच्या) मधल्या भागावरचा प्ल्यूरा मानेतून येणाऱ्या फ्रेनिक नर्व्हकडे, म्हणून तिथलं दुखणं खांद्याच्या टोकाला जाणवतं.

पाणी काढताना दोन बरगड्यांच्या मधे सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून का घालतात, हे विचारतातच. वरच्या बरगडीच्या खोबणीत वरून खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह याच क्रमाने बसलेल्या असतात, त्या वाचवायच्या.

डिसेक्शनला छाती उघडल्यावर ग्लोव्हज घालून हात फटीतून फिरवा. कुठे अडला तर घाई करू नका. जुन्या आजाराने पदर चिकटलेले असू शकतात, आणि ते बोटांना पुस्तकापेक्षा चांगलं कळतं. शेवटी दोन टोकं बघून ठेवा. वर प्ल्यूरा कॉलरबोनच्या सुमारे अडीच सेंटीमीटर वर मानेत चढतो, म्हणून मानेत सुई घालतानाही न्यूमोथोरॅक्स होऊ शकतो. खाली पाठीत तो १२ व्या बरगडीच्याही थोडा खाली उतरतो. किडनीचं ऑपरेशन मागून करताना काय फाटू शकतं, हा एक्झामिनरचा आवडता प्रश्न तिथूनच येतो.