जुनी फियाट घेताना आधी चटई उचला

जुनी पद्मिनी, म्हणजे आपल्याकडे बनलेली फियाट, पाहायला सकाळी सहाला जा. मे महिन्यात नागपुरात दहा वाजले की उभ्या गाडीचंही बॉनेट चटका देतं. मालकाने तुम्ही यायच्या आधीच इंजिन चालवून ठेवलंय का, हे मग हात लावून कळत नाही. सहाला बॉनेट गार लागलं की चोक ओढून त्यालाच सेल्फ मारायला लावा.

पण इंजिनाचं नंतर. आधी पायाखालची रबरी चटई उचला.

याचं कारण थेट फियाटच्या गावी, इटलीतल्या तुरीनला जातं. फियाटने १९५३ साली ११००/१०३ आणली, तेव्हा जुन्या ११०० ची वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारा सांगाडा, काढून टाकली. पत्र्याची बॉडी हीच चासी. म्हणजे तळाचा पत्रा गंजला की सांगाडाच गेला. तीच गाडी पुढे कुर्ल्याला प्रीमियरने बनवली: आधी आपली ‘डुक्कर फियाट’, मग डिलाइट, प्रेसिडेंट, पद्मिनी. इटलीत १९६९ मध्ये फियाट १२८ ने तिची जागा घेतली, आपण ती आणखी तीस वर्षं ओढली! १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे, खोलून बांधता येतं. माझे इतवारीतले मिस्तरी म्हणतात, “इंजन देतो न भाऊ बांधून. पत्रा गेला त मंग काय बांधू?”

हे मला उशिरा कळलं. माझी पहिली पद्मिनी मुंबईहून आणलेली, रंग असा की आरसा. पहिल्याच पावसात सीताबर्डीवर साचलेल्या पाण्यातून गेलो आणि बायकोच्या चपला तरंगायला लागल्या. चटईखाली पत्रा नव्हताच, डांबर फासलेला पुठ्ठा होता. तेव्हापासून समुद्राकाठच्या गाडीला मी दुप्पट वेळ देतो. आपल्याकडची कोरडी हवा पत्र्याला मानवते.

फ्रिजवरचं चुंबक कापडात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून फिरवा. चिकटलं नाही, तिथे पत्र्याऐवजी पुटी, म्हणजे भोकं-खड्डे बुजवायचा लेप, भरलीय. मग एका बाजूने जॅक लावा आणि गाडी उचललेली असताना त्या बाजूचं दार हळूच उघडून बंद करा. अडकलं, तर बॉडी वाकतेय. नमस्कार करून घरी या.

स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ढिला असेल तर घाबरू नका, त्याचे बुश (सांध्यातल्या छोट्या चकत्या) बदलता येतात. फक्त भाव पाडा. आरसीचं नूतनीकरण कुठवर झालंय तेही बघा, पंधरा वर्षांनंतर ते दर पाच वर्षांनी करावं लागतं.

एक घोळ टाळा. प्रीमियरच्याच चौकोनी ११८ एनई या गाडीलाही लोक फियाटच म्हणतात. तिची बॉडी फियाट १२४ च्या घराण्यातली, पण इंजिन निसानचं. पद्मिनीचं सामान तिला चालेल असं कोणी सांगितलं तर चहा पिऊन निघा.

गाडी घेतलीच, तर डिकीत पाण्याची बाटली आणि जुना पंचा ठेवा. वर्धा रोडवर भर दुपारी सिग्नलला बंद पडली, तर इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपातच ते उकळलेलं असतं. ओला पंचा त्या पंपावर टाका, दहा मिनिटं सावलीत थांबा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या.