बदक खाईना झालं तर: आधी ऊब, मग पाणी, दाणा शेवटी

बदकाने दाण्याकडे पाठ फिरवली की घरातल्यांना पहिली घाई होते ती चोच उघडून काहीतरी आत घालायची. बरीच बदकं तिथेच हातची जातात. अंग गार पडलेल्या आणि पाणी आटलेल्या पक्ष्याची आतडी मंदावलेली असतात. वरून घातलेला घास पुढे सरकत नाही, आतच आंबतो, नाहीतर श्वासनळीत उतरतो. म्हणून क्रम पाळायचा: अंगाला ऊब, मग पाणी, आणि या दोन गोष्टी जागेवर आल्यावर दाणा. न खाण्याचं कारण शोधणं याच्या जोडीनेच चालू ठेवायचं.

बदक आजार लपवतं. कळपात दुबळं दिसलं तर शिकारी आपल्यालाच उचलणार, हे त्याच्या रक्तात आहे. त्यामुळे आपल्या लक्षात येईपर्यंत एक-दोन दिवस गेलेले असतात. आणखी वाट बघण्यात अर्थ नाही.

पहिली तपासणी

बदकाला पंखांना, पायांना किंवा मानेला धरून उचलू नका. दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून उचला, पायांना खालून आधार द्या. घरातला सोलापुरी टॉवेल गुंडाळायला उत्तम, पण छातीवर आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल, म्हणजे छाती-पोटामधला पडदा, नसतो, श्वास घेताना छातीचं हाड पुढेमागे हलावंच लागतं. घट्ट धरलं तर ते तुमच्या हातातच गुदमरेल.

आधी वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवा, काटा शून्यावर आणा आणि बदक आत बसवा. रोज सकाळी दाणा द्यायच्या आधी, त्याच काट्यावर मोजा आणि वहीत लिहा. दीड किलोच्या बदकाचं वजन दीडशे ग्रॅमने उतरलं, म्हणजे दहा टक्के गेलं, तर घरगुती उपचार थांबवून डॉक्टर गाठायचे. मग छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर दुखणं ताजं आहे. हाड सुरीच्या धारेसारखं वर आलं असेल तर ते बरेच दिवस कमी खातंय, तुम्हाला आत्ता दिसलं एवढंच.

चोच उघडून जिभेखाली बघा. सोलापुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण यंत्रमाग असलेल्या वस्तीत अंगणभर सुताचे तुकडे पडलेले असतात. बदक चिखल चाळतं तसं सूतही चाळतं. धागा जिभेला गुंडाळला जातो, त्याचं दुसरं टोक पोटात गेलेलं असतं. असा धागा दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. बाहेर दिसतो तेवढा कात्रीने कापा आणि डॉक्टरांकडे न्या. पायाच्या बोटांनाही सूत आवळलेलं असू शकतं, तिथे मात्र ते बारीक कात्रीने सोडवता येतं.

विष्ठा बघण्यासाठी खाली पांढरा कागद किंवा जुनं पांढरं कापड अंथरा. बदकाची विष्ठा पातळसरच असते, त्याने घाबरू नका. तपकिरी-हिरवट गोळा आणि त्यावर पांढरा भाग, ही नेहमीची. मधूनच येणारी काळपट, चिकट, घाण वासाची विष्ठाही नेहमीचीच. गडद, झगझगीत हिरवी दिसली तर पोट रिकामं आहे आणि नुसतं पित्त बाहेर पडतंय. खिळा, वायर, वॉशर, शिसं गिळलेल्या बदकाचीही अशीच हिरवी येते, आणि सोबत पंख लोंबतात, चाल अडखळते. पोटातला धातू एक्स-रेवर दिसतो. घराचं बांधकाम किंवा वेल्डिंग नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

ऊब, आणि सोलापूरचं ऊन

धडधाकट बदकाच्या अंगाचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सियस असतं. आजारी पक्ष्याला ते टिकवता येत नाही आणि उरलीसुरली ताकद त्यातच खर्च होते. डिसेंबर-जानेवारीत किंवा पावसाळी गारव्यात एका खोक्यात किंवा द्राक्षाच्या रिकाम्या कॅरेटमध्ये टॉवेल अंथरा आणि एका कोपऱ्यावर 60 वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब दीड फूट उंचीवर टांगा. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्बखाली 28 ते 30 अंश असावेत आणि दुसरा कोपरा गार राहावा, म्हणजे बदक आपली जागा आपण निवडेल. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. टॉवेलाचे सुटे धागे आधी कापून टाका.

मार्च ते जूनमध्ये हे सगळं उलटं. बाहेर 40 च्या वर पारा असताना पत्र्याच्या खोलीत बल्ब लावणं म्हणजे बदकाला भाजणं. त्या दिवसांत निरोगी बदकसुद्धा दुपारी दाण्याला तोंड लावत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: उन्हाने न खाणारं बदक चोच उघडी ठेवून धापा टाकतं, पंख अंगापासून लांब धरतं, आणि सूर्य मावळला की खायला येतं. रात्रीही न खाणारं आजारी आहे. उन्हाने मलूल झालेल्याला सावलीत हलवा, पाय साध्या पाण्यात ठेवा, दाणा पहाटे आणि दिवेलागणीनंतर द्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

अंथरायला कडबा, उसाचं पाचट, भुसा नको. ओलं झालं की त्यावर बुरशी धरते, आणि बुरशीने होणारा फुप्फुसाचा आजार बदकांना फार लवकर जडतो. टॉवेल दिवसातून दोनदा बदला.

बाकीची बदकं असतील तर आजारी बदक वेगळं ठेवा, पण एकटं पाडू नका. बदक एकटेपणाने झुरतं. जाळीपलीकडून जोडीदार दिसला, आवाज आला, तर पुष्कळदा त्याच्या बरोबरीने तेही चोच घालतं.

पाणी

बदकाला नाकपुड्या बुडतील इतकं खोल भांडं लागतं. त्याशिवाय नाक-डोळे साफ होत नाहीत आणि कोरडा दाणा गिळताही येत नाही. शेजारी पाणी नसताना कोरडा भरडा घातला तर घशात लगदा अडकतो. पण आजारी पक्ष्याला टबात सोडू नका, पिसांना तेल लावण्याची ताकद नसली की तो भिजतो, गारठतो, मान टेकली तर बुडतोही. जड, बुटकं, चार-पाच इंच खोल भांडं पुरे.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे पाणी साठवूनच वापरावं लागतं. माणसासाठी साठवलेलं पाणी बदकालाही चालतं. अडचण पिंपाच्या तळाशी उरलेल्या गढूळ पाण्याची असते, तेच बहुतेक वेळा बदकाच्या वाट्याला येतं. बदक घासागणिक पाणी घाण करतं, म्हणून थोडं थोडं द्या आणि दिवसातून चार-पाच वेळा बदला.

शरीरातलं पाणी आटलंय का, हे बघायला पायाच्या पडद्याजवळची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे आत गेले असतील, तोंडात लाळेच्या चिकट तारा दिसत असतील, तर पाणी कमी पडलंय. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ वाढवू नका. हे पाणी त्याच दिवशी संपवा.

बदकाला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिली पाणी लागतंच, आटलेलं असेल तर त्याहून जास्त. दीड किलोच्या बदकाला म्हणजे किमान 75 मिली. ते स्वतः पीत असेल तर त्यात हात घालू नका. पीत नसेल तर सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज घ्या आणि चोचीच्या कडेवर, बाहेरून, एकेक थेंब सोडा. थेंब आत ओढून ते गिळतं, मग पुढचा थेंब. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, म्हणून घशात पिचकारी मारायची नाही. दर तासा-दोन तासांनी 5 ते 10 मिली पुरे. मान लटकलेल्या किंवा बेशुद्ध बदकाच्या तोंडात एक थेंबही घालू नका.

दाणा

ऊब आणि पाणी मिळाल्यावर काही तासांत बहुतेक बदकं मान वर करतात. तेव्हा खाणं पाण्यातच द्या. उथळ ताटलीत पाणी घेऊन त्यात वाफवलेले मटार, कोथिंबिरीची पानं, काकडीचे बारीक तुकडे सोडा. हलणाऱ्या, तरंगणाऱ्या गोष्टीवर चोच मारायची बदकाची खोड अशा वेळी कामाला येते. त्यानंतर कोंबड्यांच्या ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांच्या) खाद्याचा भरडा, एक वाटीला तीन वाट्या कोमट पाणी घालून, आमटीसारखा पातळ. मनगटावर टाकून बघा, कोमटच लागला पाहिजे, गरम घास घसा भाजतो. सोबत उकडलेलं अर्धं अंडं कुस्करून. निरोगी मोठं बदक दिवसाला 150 ग्रॅमच्या आसपास दाणा खातं. आजाऱ्याने पहिल्या दिवशी चार-पाच वेळा मिळून 20-30 ग्रॅम खाल्ला तरी समाधान माना. दोन तासांपेक्षा जास्त वेळ ओला भरडा ठेवू नका, सोलापूरच्या हवेत तो आंबतो.

लेयर (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) खाद्य पिल्लांना आणि नरांना नको. त्यात अंड्याच्या कवचासाठी जास्त कॅल्शियम असतं, ते मूत्रपिंडावर येतं. दूध, पाव, तिखट-मिठाचं उरलंसुरलं, कांदा हेही नको.

आता ज्वारी आणि शेंगा. या भागात बदकाला पडतं ते हेच: ज्वारीच्या कण्या, भाकरीचे तुकडे, शेंगपेंड. ज्वारी वाईट नाही, पण नुसत्या ज्वारीवर ठेवलेल्या बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडतं. बदकाची नायसिनची गरज कोंबडीपेक्षा जास्त, आणि ज्वारीतलं बरंचसं अंगी लागत नाही. पिल्लाचे पाय फाकतात, गुडघे सुजतात, ते दाण्यापर्यंत चालत जाऊ शकत नाही आणि आपण म्हणतो खात नाही. ताटली चोचीपाशी आणली आणि ते गपागप खाऊ लागलं, तर भूक शाबूत आहे, दुखणं पायाचं आहे. अशा वेळी ब्रूअर्स यीस्ट 100 ग्रॅम दाण्याला 5 ग्रॅम मिसळा. बेकरीतलं फुगणारं यीस्ट नको.

याहून धोक्याची गोष्ट बुरशीची. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी, खवट वासाची शेंगपेंड, डब्यात राहून हिरवी झालेली भाकरी यांत अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृत खातं, आणि बदकाइतका त्याला हळवा पक्षी क्वचितच. हे विष माणसाला कळलं तेच 1960 मध्ये इंग्लंडात बुरशी आलेल्या शेंगपेंडीने एक लाखाहून जास्त टर्की मेल्या तेव्हा, आणि बदकांची पिल्लंही त्यात गेली. भाजून, उकळून, उन्हात घालून हे विष जात नाही. बदक खाईना झालं की पहिल्याच दिवशी चालू पोतं बंद करा, ताजा दाणा आणा. जुन्यातला पाव किलो नमुना कागदी पिशवीत राखून ठेवा.

नळीने पोटात अन्न घालणं डॉक्टरांनी समोर करून दाखवल्याशिवाय घरी करू नका. दाखवलं तरी पहिल्यांदा किलोमागे 20 मिलीपेक्षा जास्त नको.

केव्हा थांबायचं नाही

मादी शेपटी खालीवर करत कुंथत असेल, उभी पेंग्विनसारखी राहत असेल, तर अंडं अडकलंय. कोमट पाण्यात पोटापर्यंत 20-30 मिनिटं बसवा, पोट दाबू नका. अंडं आलं नाही तर लगेच डॉक्टर.

पाय लुळे, मग पंख, मग मान, असं वर चढत गेलं तर बोटुलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाने येणाऱ्या लुळेपणाचा, संशय धरा. उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यात, मेलेल्या माशांजवळ, अळ्यांमध्ये हे विष तयार होतं. त्या पाण्यावर पुन्हा सोडू नका. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत फवारणीनंतर किडे टिपलेल्या बदकाची लाळ गळते, अंग थरथरतं. औषधाची बाटली किंवा तिचा फोटो सोबत न्या.

चोच उघडून घरघर, झटके, चोवीस तास एकही घास नाही, यांपैकी काहीही असलं तर थांबू नका. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा पक्षी बघणाऱ्या खाजगी डॉक्टरांकडे आधी फोन करून जा. खेडेगावातून फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे. सोबत ताजी विष्ठा, दाण्याचा नमुना आणि वजनाची वही. एकापाठोपाठ एक पक्षी मरत असतील, किंवा जवळच्या तलावावर कावळे-बगळे मेलेले दिसत असतील, तर मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा.

घरातली गोळी देऊ नका. डायक्लोफिनॅकने गिधाडांचा नायनाट झाला म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तीच गोळी वेदनाशामक म्हणून घराघरात असते. उरलेली अँटिबायोटिकही नको, अर्धवट मात्रेने आजार दबतो आणि तपासणीत काही सापडत नाही.

सलग तीन दिवस वजन वाढलं, विष्ठा नेहमीसारखी झाली, की आधी अर्धा तास पाण्यात सोडून बघा. पिसांवरून पाणी ओघळलं तर ठीक, पिसं भिजून चिकटली तर अजून आठवडाभर आत ठेवा. कळपात सोडताना संध्याकाळी सोडा, तेव्हा मारामारी कमी होते. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस त्या बदकाची अंडी खाऊ नका, विकू नका.