वॉशर-ड्रायर घेताना दुसरा आकडा वाचा
एकाच यंत्रात धुणं आणि वाळवणं हवं असेल, तर लेबलवर दोन आकडे असतात. ८ किलो धुणारं यंत्र बहुधा ५ किलोच्या आसपासच वाळवतं. म्हणजे ड्रम भरून धुतलं की तीनेक किलो कपडे बाहेर काढायचे, नाहीतर सगळेच दमट आणि चुरगळलेले. (दुकानात हे आपणहून कोणी सांगत नाही.) शिवाय वाळवण चालू असताना दुसरा घाणा लावता येत नाही. रोज धुणं निघणाऱ्या घरात मी दोन वेगळी यंत्रंच घेईन. जागा कमी असेल तर फ्रंट लोड वॉशरवर जोडपट्टी लावून ड्रायर बसवता येतो. एकट्यादुकट्याला मात्र एकत्र यंत्र पुरतं.